डेड स्टॉक

संपादक सर वर्गात आले आणि म्हणाले, "कॉमर्सवाल्यांनो, यंदा तरी मराठी विभागाची लाज राखा. कानडी विभागाची फाइल माझ्या एका हातात मावत नाही, आणि आपल्याकडे आलेल्या सात लेखांतले चार 'आई' या विषयावर आहेत." बोलताना त्यांची नजर माझ्यावर होती. मराठी माध्यमातून आलेली म्हणून शुद्धलेखन बरे, एवढीच माझी वर्गात ख्याती. "तू दसऱ्याच्या सुट्टीत भोपाळला गेली होतीस ना? मग प्रवासवर्णन दे."

प्रवासवर्णन देणे सोपे होते. भोपाळात तलाव आहेत, सांचीचा स्तूप जवळ आहे, भीमबेटकाची गुहाचित्रे आहेत. यांतले बरेचसे मी पाहिलेही. पण त्या आठ दिवसांत मी सर्वांत जास्त वेळ उभी राहून जे पाहिले, तो होता एक आगीचा बंब. तेव्हा वाचकहो, ज्यांना तलाव आणि स्तूप हवे असतील त्यांनी खुशाल पान उलटावे.

बंब हा शब्दही गमतीचा आहे. पोर्तुगिजांच्या 'बोंबा'वरून, म्हणजे पंपावरून, तो आपल्याकडे आला. आमच्या जुन्या घरात न्हाणीत तांब्याचा बंब होता. एक बंब विस्तव पोटात घेऊन पाणी तापवणारा, दुसरा पाणी पोटात घेऊन विस्तव विझवणारा, आणि दोघांचे नाव एकच, याचे मला लहानपणी फार नवल वाटे. कानडीत म्हणतात अग्निशामक, ऐकायला भारदस्त. हिंदीत मात्र दमकल. 'कल' म्हणजे यंत्र, हे काकांनी सांगितले. 'दम' कशाचा, ते मी माझ्यापुरते त्या संध्याकाळी ठरवले, पुढे येईलच.

मावशी लग्न होऊन भोपाळला गेली त्याला पस्तीस वर्षे झाली. काका 'भेल'मध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बिट्टन मार्केटजवळ घर घेतले. गोवा एक्सप्रेस बेळगावला थांबते आणि भोपाळलाही. मध्ये गाडी बदलायची नाही, म्हणून मला एकटीला सोडण्याचे धाडस घरच्यांनी केले. बिट्टन मार्केट म्हणजे एकीकडे दुकानांच्या रांगा, एकीकडे भाजीचा मोठा हाट आणि मोकळे मैदान. हाटात मावशी घोसाळ्यांना गिलकी म्हणून भाव करते आणि पिशवीत पडली की पुन्हा घोसाळी म्हणते. दसऱ्याला याच मैदानावर रावण जाळतात.

आपल्याकडे दसरा म्हणजे आपट्याची पाने आणि सीमोल्लंघन. शेजारच्या कानडी घरांत आयुधपूजा. रावण मी फक्त चित्रात पाहिलेला. मैदानावर पोचलो तेव्हा तो तीन मजली उंच, दहा तोंडांनी उभा होता, आणि गर्दी इतकी की मावशीने माझे मनगट धरून ठेवले. मैदानाच्या कडेला दोन लाल गाड्या उभ्या होत्या. एक पाण्याची, नेहमीची. दुसरी तिच्याहून आखूड, पेटीसारखी, दोन्ही बाजूंना वर गुंडाळणारी शटरे असलेली. दोघींच्या तोंडाला झेंडूच्या माळा होत्या. दुसरीची शटरे वर होती आणि आत मांडलेल्या हत्यारांवर हळदकुंकवाची बोटे उमटलेली होती. मी मावशीच्या हातून मनगट सोडवून घेतले.

इथे मला थोडे मागे जावे लागेल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या अप्पांचा मालवाहू टेम्पो होता. एका पहाटे तो पुढच्या ट्रकवर मागून आदळला. रस्ता कोणता आणि बंब कोणत्या गावचा हे मी लिहिणार नाही. लिहून काही साधायचेही नाही. चुलतभावाच्या मोटारसायकलवरून मी तिथे पोचले तेव्हा अप्पा अजून केबिनमध्येच होते. पत्रा आत येऊन स्टिअरिंगखाली दोन्ही पाय चेपले गेले होते. बंब येऊन उभा होता. त्याच्यात पाणी भरपूर होते. पाण्याखेरीज एक पहार, एक कुऱ्हाड आणि दोरखंड. पहार लावली की पत्रा एकीकडून उठे आणि दुसरीकडून पायावर बसे. अप्पा ओरडले की ती मंडळी थांबत. कोणी तरी गॅरेजवाल्याला गॅसकटरसह उठवून आणले, पण खाली डिझेल सांडले होते, ज्योत पेटवणार कोण? शेवटी उसाच्या ट्रॅक्टरची साखळी बांधून केबिन ओढली. एक तास चाळीस मिनिटे. बंबावरचा एक तरुण जवान तेवढा सगळा वेळ खिडकीतून आत वाकून अप्पांचे डोके दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "कण्ण मुच्चब्याडरी." डोळे मिटू नका. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि वाक्य तिथेच सोडून पुढच्या रोग्याकडे गेले.

पुढच्याच महिन्यात माझी परीक्षा होती. विम्याच्या पेपरात प्रश्न आला: नुकसानभरपाईचे तत्त्व स्पष्ट करा. उत्तर मला पाठ होते. अग्निविमा, सागरी विमा यांत झालेल्या नुकसानीएवढीच भरपाई मिळते. जीवनविमा आणि वैयक्तिक अपघात विमा यांना हे तत्त्व लागू नाही, कारण माणसाच्या जिवाची व अवयवांची किंमत पैशात करता येत नाही. पाच गुणांचा प्रश्न. मी लिहिला आणि पाचही मिळाले.

तेव्हापासून लाल गाडी दिसली की माझे डोके तापे. त्या पाच माणसांवर मी दोन वर्षे मनातून दात खाल्ले आहेत. म्हणून बिट्टन मार्केटच्या मैदानावर, मोडक्या हिंदीत, मी त्या गाडीजवळच्या अधिकाऱ्याला विचारले ते नीट विचारलेच नाही, टोचून विचारले. "ये सब काम में भी आता है, या सिर्फ पूजा के लिए निकाला है?"

त्यांनी रागावायला हवे होते. ते हसले. कुठली म्हणून विचारले, आणि बेळगाव ऐकल्यावर चक्क मराठीत आले. "माझं ट्रेनिंग नागपूरला झालं. नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज. १९५७ पासून ते तिथंच आहे. मराठी तिथं मेसमध्ये शिकलो, म्हणून जेवणाचीच जास्त येते." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिले आणि विचारले, "कोण अडकलं होतं?"

मी सांगितले. ते ऐकून त्यांनी सहानुभूतीचे शब्द काढले नाहीत. मला पहिल्या खणापाशी नेले आणि म्हणाले, "हे बघ. तुझ्या वडिलांना हे लागलं असतं."

त्या खणात तीन हत्यारे होती. एक कात्रीसारखे, पोपटाच्या चोचीच्या आकाराचे, ते कापते. एक मिटलेल्या चिमट्यासारखे. ते उघडते आणि पत्र्याला फाकवते. तिसरा दांडा, जॅकसारखा लांबणारा. तो दरवाजाची चौकट आणि डॅशबोर्ड एकमेकांपासून दूर ढकलतो. अप्पांच्या पायांवरून स्टिअरिंग उचलायला हा तिसरा. आत तेलाचा दाब असतो सुमारे ७०० बार. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन असतो, यावरून अंदाज करा. अमेरिकेत मोटारींच्या शर्यतीत चुरगळलेल्या गाड्यांतून चालक काढायला फार वेळ लागतो हे पाहून जॉर्ज हर्स्ट यांनी १९६० च्या दशकात अशा हत्याराची सुरुवात केली. ज्योत नाही, ठिणगी जवळजवळ नाही, त्यामुळे डिझेल सांडले असले तरी काम थांबत नाही. मी कात्री उचलून पाहिली. वीस किलोच्या आसपास असावी. दोन्ही हातांनी कशीबशी छातीपर्यंत आली.

"पण हे पहिलं नाही," ते म्हणाले. "गाडी गेली की पहिली कात्री चालवायची नाही. पहिलं हे." आणि त्यांनी सर्वांत खालच्या खणातून काय काढावे? लाकडाचे ठोकळे. सुताराच्या दुकानात पायाखाली येतात तसले, काही चौकोनी, काही पाचरीसारखे तासलेले, काही पायऱ्यांचे. अपघातातली गाडी हलते. ती हलली की आतल्या माणसाचा मणका हलतो. म्हणून आधी चारी बाजूंनी ठोकळे ठासून गाडी जमिनीला जखडायची, बॅटरीची तार काढायची, मग काच, मग दार. आणि काही उचलायचे असेल तर दर इंचाला खाली ठोकळा सरकवायचा. उचललेले निसटले तर ते ठोकळ्यावर बसावे, माणसावर बसू नये. पहारीने एकीकडून उठून दुसरीकडे बसणारा तो पत्रा मला आठवला. तिथे ठोकळे नव्हते. ठोकळ्यांना किती पैसे पडतात?

शेजारी जाड रबरी गाद्या होत्या, इंचभर जाडीच्या, चौरस. या ट्रकच्या चाकाखालच्या फटीत सरकवायच्या आणि सिलिंडरमधली हवा सोडायची. दाब फक्त आठ बार. साठ सेंटिमीटर लांब-रुंद गादी, दर चौरस सेंटिमीटरला आठ किलो. कॉमर्सची मुलगी, हिशेब तिथेच बोटांवर केला. जवळजवळ २९ टन! मी आकडा सांगितला तेव्हा साहेब म्हणाले, "कागदावर. गादी फुगली की गोल होते, टेकण्याची जागा कमी होते. वर जाल तसं बळ कमी." ताळेबंदातसुद्धा पुष्कळदा असेच होते, असे माझ्या मनात आले, सरांनी राग मानू नये.

पुढच्या खणात तिपाई आणि कप्पी होती, विहिरीत किंवा गटाराच्या भोकात उतरण्यासाठी, वायू मोजण्याचे छोटे यंत्र, लाइफ जॅकेटे, आणि एका रांगेत पाठीवर बांधायचे पिवळे सिलिंडर. ही श्वसनयंत्रे. जवान त्यांना बी.ए. सेट म्हणतात. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बारने हवा भरलेली, म्हणजे १८०० लिटर. मिनिटाला ४० लिटर धरली तर ४५ मिनिटे. पण जिने चढणारा, माणूस ओढणारा जवान मिनिटाला ४० वर थांबत नाही. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की शिट्टी आपोआप वाजू लागते. आणि दाराशी एक माणूस पाटी घेऊन उभा असतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा बिल्ला त्या पाटीवर लावायचा. नाव, आत गेल्याची वेळ, तेव्हाचा दाब. त्यावरून तो बाहेर कधी यायला हवा हे तो माणूस मांडत राहतो. बिल्ला पाटीवर आहे आणि वेळ संपली, म्हणजे माणूस आत आहे. मी तीन वर्षे खतावण्या लिहिते आहे, पण श्वासाची रोजकीर्द प्रथमच पाहिली. दमकल या शब्दातला दम हाच, असे मी तेव्हा ठरवून टाकले. भाषेच्या प्राध्यापकांना मान्य नसेल.

मग मी विचारायचे ते विचारले. हे सगळे प्रत्येक बंबावर का नसते?

उत्तर सरळ होते. पाण्याचा बंब आणि सुटकेची गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. सुटकेच्या गाडीला आपल्याकडे भारतीय मानकही आहे, क्रमांक ९४९. मोठी शहरे दोन्ही घेतात. लहान गावी एकच गाडी परवडते, आणि एकच असेल तर ती पाण्याची. अग्निशमन हे राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांच्या कामांत घातलेले आहे. काही राज्यांत ते राज्य सरकारचे खाते चालवते, आमच्या कर्नाटकात तसेच आहे. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५००० कोटींची योजना काढली. "पण खाली हिशेब कसा होतो ऐक," साहेब म्हणाले. "ऑडिटवाला येतो. डेड स्टॉक रजिस्टर उघडतो. कात्री, अमुक लाख. विचारतो, वर्षात किती वेळा वापरली? मी म्हणतो, तीनदा. तो माझ्याकडे असा बघतो, की मीच ती घरी नेऊन भाजी कापतो."

डेड स्टॉक! आमच्या कॉलेजच्या बाकांनाही त्याच रजिस्टरात क्रमांक आहेत. पडून राहणारा माल म्हणजे अडकलेले भांडवल, हे आम्हांला पहिल्या वर्षापासून शिकवतात, आणि किराणा दुकानाला ते बरोबरच आहे. पण इथे पडून राहणे हेच त्या वस्तूचे काम. आणि ती नुसती पडून राहत नाही, म्हातारीही होते. रबरी नळ्या न वापरता जुन्या होतात. सिलिंडर ठराविक वर्षांनी तपासून घ्यावे लागतात. त्यातच नव्या मोटारींचे खांब पूर्वीपेक्षा कठीण पोलादाचे येतात, जुन्या कात्रीची चोच त्यांवरून घसरते. विजेवर चालणाऱ्या मोटारीत नारिंगी रंगाच्या जाड तारा असतात, त्या चुकून कापल्या तर कापणाराच जायचा. वस्तू झिजली नाही तरी काळ पुढे गेला म्हणून घसारा धरावा लागतो, हा धडा मी पुस्तकात दोनदा वाचला होता, समजला आता. म्हणून पाळी बदलताना दर वेळी प्रत्येक खण उघडायचा, यंत्र चालू करून बघायचे, वस्तू मोजायच्या आणि होत्या त्याच जागी ठेवायच्या. अंधारात, हातमोजे घातलेल्या हाताला ती सापडली पाहिजे.

साधने असली म्हणजे सारे झाले असेही नाही, हे साहेबांनीच सांगितले. मुंबईच्या दलासारखे जुने आणि सुसज्ज दल. पण ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासात इमारत कोसळली आणि संजय राणे व महेंद्र देसाई हे अधिकारी गेले. भाजलेले सुधीर अमीन आणि प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर पुढे त्याच महिन्यात गेले. नेसरी आमच्या बाजूचे गाव, त्यामुळे ते आडनाव तेव्हा आमच्या घरी सर्वांच्या तोंडी झाले होते. मी त्या वेळी शाळेत होते. गोदीतल्या १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात दलाचे ६६ जण गेले आणि म्हणून त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळतात, एवढे आम्हांला सामान्यज्ञानात होते. ती माणसे होती हे सामान्यज्ञानात नव्हते.

इतक्यात रावण पेटला. फटाके, शिट्ट्या, दहा तोंडांतून ठिणग्या. सारे मैदान वर पाहत होते. साहेब एकटे रावणाकडे पाठ करून गर्दीकडे पाहत उभे होते, आणि त्यांचा एक जवान माझ्या पायाशी बसून ठोकळे मोजून परत खणात लावत होता.

घरी चालत येताना काका बोलू लागले. एरवी ते फारसे बोलत नाहीत. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री ते नोकरीत नवे होते. कारखान्यातून वायू सुटला तेव्हा कामगारांनी पाण्याचे फवारे मारले. पाणी साधारण १५ मीटर चढले आणि वायू सुटत होता ३० मीटरहून उंच नळीतून. "तेवढं अंतर," काका म्हणाले, आणि हाताने वर दाखवले. मग सातपुडा भवनाची गोष्ट. १२ जून २०२३ ला दुपारी तिसऱ्या मजल्यावर आग लागली आणि सहाव्यापर्यंत गेली. माणसे वेळेवर बाहेर पडली, पण सैन्याच्या आणि इतर ठिकाणच्या गाड्या येऊनही आग दुसऱ्या दिवसावर गेली. सरकारी कागदांचे डोंगर जळाले. काका गच्चीवरून धूर पाहत होते. मला आणखी विचारायचे होते, पण मावशीने त्यांना डोळ्यांनी थांबवले. त्या घरात १९८४ वर फार बोलत नाहीत.

रात्री अप्पांना फोन केला. "जेवलीस काय?" हा पहिला प्रश्न. मग, "बंब काय बघालीस तिथं जाऊन? रावण बघायचा सोडून?" मी त्यांना ठोकळ्यांचे सांगितले, तिसऱ्या दांड्याचे सांगितले. सांगू नये होते की काय, असे मध्येच वाटले, कारण पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग ते म्हणाले, "त्या पोराला एकदा जाऊन भेट. माझं डोकं धरलं होतं बघ. नाव विचारायचं राहून गेलं."

सुट्टी संपल्यावर एका शनिवारी मी गेले. तो जवान भेटला. त्याने मला ओळखले नाही, अप्पांचे सांगितल्यावर ओळखले, आणि कानडीत एकच विचारले, "चालतात का?" मी सांगितले, कुबडी घेऊन चालतात, किराणा दुकान घातले आहे, गल्ल्यावर बसतात. तो मान हलवत राहिला. मी मनात धरून आलेले एकही वाक्य बोलले नाही. मग मी विचारले, गाडीत आता काय आहे? कात्रीची मागणी वर पाठवली आहे, अजून आलेली नाही, तो म्हणाला. जरा थांबला, इकडेतिकडे बघितले आणि मागचा खण उघडला. होजच्या गुंडाळ्यांमागे लाकडी ठोकळे रचून ठेवले होते. त्या पहाटेनंतर त्यांनी स्वतःच एका वखारीतून तुकडे मागून आणून कापले होते. रजिस्टरात त्यांची नोंद नाही, म्हणून तपासणीच्या दिवशी काढून ठेवावे लागतात.

मी एक उचलून पाहिला. बाभळीचे लाकूड, चांगले जड. वर पांढऱ्या रंगात ७ हा आकडा घातला होता. सवयीने मी सगळे मोजले. चोवीस होते.